गालातली सुपारी

—न्हाई वयनी, मला न्हाई जमायचं आज. बुद्धिबळाच्या मोहऱ्यांची डबी घ्या आन तुमी जावा, पर मला मोटरीत बस म्हनू नगा. ह्यो कामाचा ढीग बघा की — पाळन्याचे चार खांब, दीड डझन लाटनी, समदं कातून, लाख चढवून बाजाराच्या आत द्यायचंय. कातारी मानूस दुकान उघडं टाकून नगरला गेला तर — आं? ठाव हाय मला. मच्छिंद्र तिथं तुरुंगात आजारी हाय, ताप अंगात मुरलाय, डागदरनं आशा न्हाई म्हनून मान हालवली, जेलरनं एक डाव खेळायची परवानगी दिली, आन त्यानं, तुमच्या मालकानं, माझंच नाव घेतलं. कितींदा सांगताल? बसा, राहीवयनी. मोटर यायला येळ हाय.

तुमी त्याचा संसार बघितला, मी त्याचा डाव बघितला. लई देखना डाव! पुन्या-साताऱ्याचे खेळनारे हुडकत यायचे कोल्हारात, आन सांजच्याला त्वांड पाडून जायाचे. मी आपला बघ्या. बघ्यानं बोलायचं न्हाई ही पटाची रीत — पर माझं त्वांड? ते काय माझ्या ऐकन्यातलं हाय? ‘आरं घोडा काढ की घोडा!’ — झालं! समोरचा सावध. शेवटी मच्छिंद्रानं तोड काढली. डाव मांडला की अख्खी सुपारी माझ्या तोंडात. चावायची न्हाई, फोडायची न्हाई, गालात धरायची. पडली की ह्यो खाजा भाईर. हसतासा काय? धा वर्सं माझा गाल असा फुगलेला असायचा, माझी हाजराबी म्हनायची, दाढ सुजली का काय तुमची.

मग ते बेचाळीस साल. नगरच्या कॅम्पातला गोरा साहेब त्याला खेळाय न्यायला मोटर धाडायचा, त्यानंच ती शालजोडी दिलेली, तुमाला ठावंच हाय. त्या दिशी मी संगट हुतो, काखंत हीच डबी, गालात सुपारी. डाव निम्मा झाला, साहेबाचा हत्ती अडकलेला, आता चार चालीत मात — वयनी, चार चालीत! — आन हा गडी काय करतो? स्वोताचा तांबडा राजा उचलतो, बंडीच्या खिशात घालतो. म्हनला, ‘साहेब, आमच्या गावची धरलेली मानसं सोडा. तवर ह्यो राजा पटावर यायचा न्हाई.’ शालजोडी खुर्चीवर ठिवली आन चालू लागला. माझी सुपारी टपदिशी फरशीवर. मला राग आला हुता, आता काय लपवायचं? जिकलेला डाव सोडतं का कुनी? मला वाटलं, येडा झाला. आन जो पटावर दिसभर हूं का चूं करायचा न्हाई, तो बाजारात खोक्यावर चढून सरकारला उघड शिव्या द्यायला लागला — चले जाव म्हनून घसा फोडायला लागला. मग वारंट निघालं, आन तो उसात गडप.

तुमाला वाटलं आसंल, तो लांब गेला. न्हाई. दर बाजाराच्या दिशी घोंगडं पांघरून हितंच यायचा, ह्या लाकडांच्या थप्पीमागं. धा चाली खेळायचा, भाकर खायाचा, जायाचा. तुमाला सांगितलं न्हाई — त्यानंच शपथ घातली हुती. म्हनायचा, तिला इचारतील, तिच्या तोंडावर समदं दिसतं. माझ्यावर इस्वास. माझ्यावर!

पोलिसास्नी कळलं कसं, म्हनता? मला काय ठावं! गाव हाय, चुगलीखोर कमी हायेत का? कुनीतरी — ऱ्हावू द्या वयनी. आसं बघू नगा माझ्याकडं. एक गिऱ्हाईक आलं हुतं. पांढरी टोपी, गोड बोलनं, बुद्धिबळाचा नवा जोड बघायचा म्हनला. पट मांडला, एक कोडं घातलं — तीन चालीत मात. आन सारखा घोडाच नाचवतोय, घोडाच नाचवतोय! मी दम धरला, अल्लाची आन, लई दम धरला. पर मोहरा चुकीचा पडाय लागला की माझी जीभ ऱ्हात न्हाई. म्हनलं, ‘आरं बाबा, घोडा नगं, प्यादं सार! गेल्या बाजाराला मच्छिंद्रानं हितंच—’

तेवढंच. त्याच्यापुढं एक सबूद न्हाई. तो हसला, टोपी नीट केली, गेला. मी मच्छिंद्राला सांगावा धाडायला पायजे हुता. मनाची समजूत घातली, गिऱ्हाईकच आसंल. फुडल्या बाजाराला थप्पीमागं चौघं शिपाई. नेताना त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आन मी खाली मान घालून लाटनं कातत बसलो. वयनी, मी लाटनं कातत बसलो!

सव्वा वरीस झालं, झोप न्हाई मला. आता सांगा, कुठल्या तोंडानं त्याच्याफुडं बसू? काय तरी बोला. शिव्या द्या. मारा हवं तर.

पदराची गाठ कशापायी सोडताय? काय हाय ते? — सुपारी? कुनी दिली? मच्छिंद्रानं? त्यानं सांगितलं तुमाला, खाजाला एक अख्खी सुपारी नेऊन दे? काय म्हनला? — ‘भेटल्या भेटल्या दे. तोंडात धर म्हनावं, आन ये. कुनाला काय सांगायचं न्हाई.’

म्हंजे त्याला ठावं हुतं. पयल्या दिसापास्नं. तुमाला कळू नये म्हनून — तुमच्या नदरेत मी पडू नये म्हनून...

मग आल्या आल्या का न्हाई दिली, वयनी? का न्हाई दिली?

व्हय. खरं हाय. मीच बोलू दिलं न्हाई तुमाला.

मोटर वाजली. उठा. डबी घ्या. तांबडा राजा तेवढा न्हाई तिच्यात, तो त्याच्यापाशी आसंल. त्याला सांगा, सुपारी पोचली. बाकीचं सांगायचं का न्हाई, ते तुमी बघा. मी न्हाई येनार.

आना ती सुपारी हिकडं. जावा आता. मला बोलता न्हाई याय—