नांगराच्या रुमण्याचं बुश

माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे गिरणीमालक आणि मास्तर, डहाणूच्या बंदरावरून माझ्यासाठी आलेले बांधव, झरीहून हिरूसाठी आलेली मंडळी, आणि जागा असूनही दाराशीच उभ्या राहिलेल्या भगिनींनो,

आधी एका वस्तूची खरी किंमत सांगतो. इथल्या तलासरीच्या भातगिरणीतलं लाकडी बुश: एका नांगराचं रुमणं, बाटलीभर एरंडेल आणि हिरूच्या भावजयीचा, जिवलीवहिनींचा, आठ दिवसांचा अबोला. रुमणं, नांगराची ती मूठ, त्यांच्या घरचं. हिरू न विचारता कापून घेऊन आला होता.

छप्पन सालची गोष्ट. भाताचे दिवस, दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजून गिरणी बंद, दारात बैलगाड्यांची रांग. मुंबईचा माणूस म्हणाला, पितळी बुश यायला महिना लागेल. हिरू माझ्या हाताखाली नुकताच आलेला. म्हणाला, "दादा, पितळ नाय तं नाय. आपल्याकडं काय हाय ते बघू." लाकूड तेलात मुरवून बसवलं. सहा वर्षं चाललं!

ह्या विद्येला नाव काय द्यावं? मास्तर भोपळ्यावर देश रंगवून पृथ्वी शिकवतात. डॉक्टर बांबूच्या कामट्या बांधून मोडका पाय सरळ करतात. आमच्या कोळणी फाटक्या जाळ्यावर वालाचा वेल चढवतात. हे सगळे हिरूचेच भाऊबंद नव्हेत काय? तो वाकडा खिळासुद्धा टाकत नाही. डब्यात ठेवतो आणि जेवताना काढून बघत बसतो.

थोडं माझंही कौतुक होऊ द्या. लोक म्हणतात, नारू मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगतो. सांगतोच! मान वाकवली की सांगितलं. आजवर चुकलो नाही. गिरणीमालक साक्षीला आहेत.

असो. थोरला भाऊ गेला, जमीन पडीक पडेल, म्हणून हिरू झरीला चालला. माझ्या घरी कोणी नाही. दुपारी तेलाच्या पिंपावर दोन डबे उघडायचे, माझं बोंबील, त्याची नागलीची भाकर, एवढाच माझा संसार. परवा म्हटलं, "राहा रे, पगार वाढवतो."

"जमीन हाक मारते, दादा. तुला कुठं ऐकू येतं!"

हसा, हसा. मीही हसलो. मग संध्याकाळपर्यंत पिंपाची त्याची बाजू पुसत बसलो.

हिरू, तुझा खिळ्यांचा डबा मी ठेवून घेतलाय. न्यायला येशील तेव्हा देईन.

आपण कामधंदा टाकून आलात, उपकार झाले. बोलण्यात उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला. आणि ह्यापुढे कोणी मागून हाक मारली नि मी वळलो नाही, तर राग धरू नका. समोर आलात तर ओठांवरून कळतं. डावा कान साठ साली गेला, उजवा दोन वर्षांपूर्वी. इंजिन हिरू ऐकायचा आणि माझ्या पाठीवर बोटाने सांगायचा: एक टिचकी म्हणजे बुश, दोन म्हणजे पट्टा.