पाटाकडेला बसू नका

पाटाच्या कडेनं सायकल चालवण्यासारखं सुख नाही म्हणता ना? मग ऐका. परवा संध्याकाळी सायखेड्याच्या अलीकडं माझा मागचा टायर बसला. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला डोक्यावर गेलेला ऊस. मी आणि माझा मित्र सुहास उकिडवे बसून चाक खोलत होतो, तोच मागून एक आजी ओरडल्या, "उठा! खाली बसू नका!"

मी चिडलोच. म्हटलं, "का? रस्ता तुमचा आहे का?"

"अरे बाबा, बसलेला माणूस बिबट्याला शेळीवानी दिसतो. कालच या उसातनं कुत्रं उचललं त्यानं."

आम्ही ताडकन उभे. तेवढ्यात उसात काहीतरी खसखसलं. सुहासनं अख्खी सायकल डोक्यावर उचलली.

"पळू नका," आजी म्हणाल्या. "मोठ्यानं बोलत चला माझ्यासंगं."

काय बोलणार? शेवटी सुहासनं सतराचा पाढा सुरू केला, तोही चुकीचा. पाढे ओरडत, सायकली ढकलत आम्ही आजींच्या वस्तीवर पोचलो. तांब्याभर पाणी पिऊन मी विचारलं,

"आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लय वाटती. दुपारधरनं बांधावर उभी व्हते, कोणी सोबतीला मिळतंय का बघत. तुमचा टायर बसला, म्हणून मी घरी आले!"