सुनंदा गॅलरीत असली की आपण जिंकायचो

माझा जन्म परळचा, चाळीतला. वडील छापखान्यात होते. चाळीत टीव्ही एकच, घरमालकांकडे, आणि आम्ही सगळी पोरं त्यांच्या दारात, खिडकीत लटकून मॅच बघायचो. आपली जोडी जमली की कोणी जागा सोडायची नाही, हा तिथला कायदा. एखाद्याला लघवीला लागली तरी सोडायचे नाहीत, म्हणायचे, ओव्हर संपू दे. ते वेड घेऊनच मी मीरा रोडला आलो. शांती नगरमध्ये वन रूम किचन घेतलं, लग्न झालं, सुनंदा आली.

काय सांगू तुम्हाला, तीसुद्धा मॅच बघणारी होती हो. माहेरी भाऊ खेळायचे, ही वहीत स्कोर लिहायची. सुरुवातीला माझ्या शेजारी बसून बघायची आणि मी उगाच ओरडलो की म्हणायची, अहो, नो बॉल आहे तो, बसा खाली.

मग एक दिवस काय झालं, आपल्या चार विकेट गेल्या होत्या. ती वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली आणि सिक्स गेला. आत आली, आउट. पुन्हा गेली, फोर. शेजारचे भावेशभाई मॅचला आमच्याकडेच यायचे, फरसाणाचा पुडा घेऊन. ते गमतीत म्हणाले, भाभी, आप उधर ही रहो ना, इंडिया के लिए. सगळे हसले, तीही हसली आणि राहिली उभी. जिंकलो आपण. भावेशभाईंची ती गंमत होती, त्याचा कायदा केला मी. आपली बॅटिंग सुरू झाली की मी तोंडाने काही बोलायचो नाही, नुसतं गॅलरीच्या दाराकडे बघायचो. ती उठायची. पुढे भावेशभाईच म्हणायला लागले, अरे छोडो यार, भाभी को बैठने दो. मी म्हणायचो, ही मॅच होऊ दे.

ही मॅच, ही मॅच करता करता वीस वर्षं गेली. मुलगी झाली, रुता. तिला कडेवर घेऊन ही गॅलरीत. रुताला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया गॅलरीतून मॅच बघतात.

तिथे ती काय बघायची हे मी कधी विचारलं नाही. नंतर तिनेच सांगितलं, आणि सांगताना असं सांगितलं की मी ऐकतच राहिलो. म्हणाली, दुपारचा रस्ता अगदी रिकामा असतो, रिक्षा सावलीला लावलेल्या, कुत्री झोपलेली. तेव्हा समोर एवढ्या बिल्डिंगी नव्हत्या, दोन भिंतींच्या मधून मिठागराचा पांढरा तुकडा दिसायचा, पाण्यात आभाळ उतरल्यासारखा. आणि मग लांबून कुठल्या तरी सेक्टरमधून आवाज यायचा, मग जवळून, मग आपल्याच बिल्डिंगमधून, कारण कोणाचा टीव्ही पुढे चालतो, कोणाचा मागे. लाटच ती. म्हणाली, फोरचा आवाज आखूड असतो, सिक्सचा वर चढत जातो. आणि विकेट गेली की आवाजच नाही, सगळ्या कॉलनीवर कोणीतरी चादर ओढल्यासारखं. तुम्हाला दिसायच्या आधी मला कळलेलं असायचं, म्हणाली. मला वाटायचं ती तिथे नुसती उभी आहे.

आता जे सांगतोय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. फायनल होती. आपली बॅटिंग, थोड्याच धावा हव्या होत्या, आणि गॅलरीत भर उन्हात ती उभी. धप्प असा आवाज आला. मला ऐकू आला. खोटं नाही बोलणार, मला कळलंही की ती पडली. पण बॉलर धावत निघाला होता. मी तो बॉल पूर्ण बघितला. मग उठलो. तोपर्यंत रुता किचनमधून धावत येऊन आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाणी मारलं, सुनंदाने डोळे उघडले आणि मला विचारलं, आउट झाला का हो? माझ्यामुळे?

जिंकलो आपण. खाली फटाके वाजत होते आणि मी डॉक्टरकडे रिक्षातून तिला नेत होतो. बीपी कमी झालं होतं, बाकी काही नाही. कोणी मला बोललं नाही. रुता फक्त एवढंच म्हणाली, बाबा, तुम्ही टीव्हीकडे बघत होतात, मी बघितलं.

पुढच्या मॅचला मी म्हटलं, सुनंदा, आत बस. ती म्हणाली, नको, हरलात तर आठवडाभर तोंड पाडून बसाल. स्टूल घेऊन गॅलरीतच बसली. मग मीही बाहेर जाऊन बसलो, तर म्हणाली, आत जा, तुम्ही बडबड करता, मला काही ऐकू येत नाही. दोन वर्षं असंच. टीव्ही समोर असायचा आणि मला त्यात काही दिसायचं नाही.

मागच्या महिन्यात मात्र आपण होऊन आत आली. भावेशभाई सरकले, ती सोफ्यावर बसली. दुसऱ्याच बॉलला विकेट. मी मान ताठ करून टीव्हीकडेच बघत राहिलो. ती म्हणाली, बोला की. मी म्हटलं, काय बोलू? म्हणाली, तोंडावर लिहिलंय सगळं. आणि खरं सांगतो, लाज वाटते, पण माझ्या आत कोणीतरी म्हणत होतं, जा ना बाहेर. इतक्या वर्षांचं आहे ते, एका दिवसात थोडंच मरतं.

ती पाय वर घेऊन नीट बसली आणि म्हणाली, नवा बॅट्समन येतोय तोवर चहा टाका. मी उठलो. मॅच चालू असताना मी जागा सोडली, भावेशभाई बघतच राहिले. आधण ठेवलं, आलं किसत होतो, तेवढ्यात खिडकीतून लांबून एक आवाज आला, वर चढत चढत, एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगवर, आणि मग आमच्या घरातच आरडाओरडा. सिक्स. मी पातेलं सोडून धावणार, एवढ्यात सुनंदा ओरडली, अहो, तिथेच थांबा! हलू नका!

रुता हसून हसून खाली बसली. सुनंदापण हसत होती, मला ऐकू येत होतं.

थांबलो मी. चहा आत पाठवला आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. मॅच हरलोच आपण शेवटी. पण शेवटच्या बॉलपर्यंत ती मला आत बोलवेना, आणि मीही गेलो नाही. ती म्हणेल तेवढा वेळ उभा राहीन. ती तेवढी बसलेली असू दे.