काटा हलला नाही तर

गुलाबी? कुठे, बघू — हो, चिंधीवर दिसतंय खरं काहीतरी. गंज असेल माणिकभाऊ. दोन हजार सहाची गाडी, त्यात आपल्या विक्रोळीची खाडीकडची हवा, लोखंड टिकतंय कुठे? आमच्या ग्रिलचं पण तेच झालंय. नाही म्हणता? गंज गुलाबी नसतो — ते कळतं हो मलाही. चार दिवस डोकं फोडलंत तुम्ही त्या गाडीपाठी, दुसऱ्या गाडीचा सेन्सर लावून बघितलात, मीटर खोललात, वायर तपासलीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी कपलरच्या, त्या वायर जोडायच्या क्लिपच्या, पिनेवर निघालं काय, तर नेलपॉलिश. सईचं आहे ते. नात माझी, मे महिन्यात आलेली, बाटली विसरून गेली. आता सात वर्षांची पोर पुण्यात बसून इथल्या गाडीची पिन रंगवणार आहे का? मीच लावलं. झालं? फक्त हळू बोला, हे तुमच्या गॅरेजच्या दारात गाडीतच बसलेत.

मला कसं कळलं म्हणून काय विचारता — तुम्हीच शिकवलंत. गणपतीच्या आधी तो कपलर आपणहून निसटला होता, आठवतं? स्पीडचा काटा शून्यावर मेलेला. तुम्ही बॉनेट उघडून दाखवलंत — काकी, हा सेन्सर, चाक किती फिरलं ते हा वर सांगतो, ह्याची वायर सुटली की काटा बसला. मी म्हटलं बरं. पण तुम्हाला एक ठाऊक नाही. काटा बसला तेव्हापासून वीस दिवस ह्यांनी गाडी रस्त्यावर नेली नव्हती. का? तर कंपनीच्या स्टाफ बसवर अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, आणि डेपोचा नियम — आधी गेटच्या आत गाडी थोडी पुढे घ्यायची, काटा हलला नाही तर बाहेर काढायची नाही, मग साहेब कितीही ओरडू दे. अजून तेच करतात. रोज सकाळी कॉलनीच्या गेटपर्यंत नेतात, काटा बघतात, नाही हलला की गाडी मागे, आणि वर येऊन पेपर उघडून बसतात. वीस दिवस मी सुखाने झोपले. मग फोन करून तुम्हालाच गाडी न्यायला लावली त्यांनी, आणि तुम्ही पाच मिनिटांत कपलर बसवून दिलात.

डोकं चालत नाही हो त्यांचं. म्हणजे — चालतं, तुमच्याशी बोलताना कळायचं पण नाही. डॉक्टर म्हणाला गाडी बंद करा, संध्याकाळी हे मला विचारतात कुठला डॉक्टर. जेवले ते विसरतात. सुबोध, आमचा मुलगा, पुण्याला असतो, त्याला जेवायला हाका मारतात. पण काट्याचा नियम नाही विसरत. तुम्ही कपलर बसवलात त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही मुलुंडला भाचीकडे निघालो, तर हायवेच्या मधल्या लेनमध्ये ह्यांनी करकचून ब्रेक मारला. मी म्हटलं काय झालं? म्हणे थांब, सेकंड शिफ्ट चढू दे. मागून डंपर. तो कसा वळला त्याचा तो जाणे. पण एक स्कूटरवाली पडली, पुढे लहान पोर उभं होतं तिच्या — नाही, फार लागलं नसावं. म्हणजे मी बघितलंच नाही. उतरलेच नाही मी, माणिकभाऊ. मी म्हटलं, गाडी भरली, चला, आणि हे निघाले. ते पोर रडत होतं, तेवढं ऐकलं. हे कुणाला सांगितलं नाही मी, सुबोधला पण नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपले आणि मी बाटली घेऊन खाली आले. वायर नुसती काढली असती तर तुम्ही परत पाच मिनिटांत बसवली असती, पिनेवर रंग बसला की करंट जात नाही आणि दिसतही नाही.

सुबोध म्हणतो चावी लपव. फोनवरून सगळंच सोपं. लपवली की. ह्यांनी घर उलथंपालथं केलं, पिठाचा डबा जमिनीवर ओतला, आणि मग माझा दंड धरून — जाऊ दे. एकोणचाळीस वर्षांत आवाज चढवला नव्हता ह्या माणसाने. गाडी विकायची तर सही त्यांची लागते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय माझं. त्यापेक्षा नेलपॉलिश बरं, कुणाशी भांडण नाही. काटा हलत नाही, मग राग काढायचा तर मेकॅनिकवर. घरी तुम्हाला काय काय बोलतात, माणिकला कामच येत नाही म्हणतात, आणि मी ऐकून घेते. माफ करा हो, तुमचं नाव मी खराब केलं.

तर आता एवढंच करा. तो कपलर परत काढून ठेवा, आणि ह्यांना सांगा, जुन्या मॉडेलचा सेन्सर कुर्ल्याच्या पार्टवाल्यांकडे पण मिळत नाही. खोटं बोलायला लावतेय तुम्हाला, कळतंय मला. पण त्यांना — असे काय बघता? बोललात त्यांच्याशी? कधी? मी यायच्या आधीच. काम झालं म्हणून सांगितलंत. बरं. मग चावी तरी — चावी पण दिलीत.

चालू केली बघा. घेतायत पुढे, हळूहळू. हलला वाटतं काटा — हसतायत. किती दिवसांनी हसले. मला हात करतायत. नको, तुम्ही नका जाऊ सांगायला, ऐकायचे नाहीत, चार लोकांत तमाशा होईल नुसता. आले हो, आले. मी बसते शेजारी. न बसून काय करू, एकटे सोडू? ती पिशवी द्या माझी. सुबोधचा नंबर आहे ना तुमच्याकडे? असू दे. आणि माणिकभाऊ, तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा. गाडीसमोर उभे राहू नका.