पाण्यातला निळा ठिपका

माजलगावच्या स्टँडवर भर दुपारी केशरबाई बाकावर गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी दोन पोरांची आपापल्या मोबाइलच्या सिस्टीमवरून जुंपली होती.

"पप्प्या, तुझं सिम्बियन म्हातारं झालं बे. माझं अँड्रॉइड बघ कसं सरसर पळतंय!"

"पळतंय, अन् दुपारलाच बॅटरी बसती. माझं दोन दिवस चालतंय."

"आरं, ह्यात नकाशा हाय. आपण कुटं हाव ते हा निळा ठिपका दाखवतो."

"हा तर धरणात दाखवायलाय बे! पार मधोमध."

केशरबाईनं मान वळवली. तिचं गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं.

"रेंज नसंल. तुझ्या सिम्बियनमधी लावून बघ."

"थांब... माझ्यात बी तितंच हाय."

"दोन्ही सिस्टीम येगळ्या, मग चूक एकच कशी?"

"चूक जाऊ दे, ठिपका चालायलाय! आपण तर बसलेलो हाव."

"पोरांनो," केशरबाई हळूच म्हणाली, "पुढं जाऊन तो उजवीकडं वळला का?"

"आत्ताच वळला, मावशी! तुमाला कसं कळलं?"

"थांबला का?"

"थांबला. काय हाय तितं?"

"आमचं दार," म्हणत केशरबाईनं, खाली पाणी चढत आल्यागत, जमिनीवरचे दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले.