कुर्ल्याच्या कुंदाची खोड

आणि वर सर मलाच म्हणतात, "वनमाला, तू जळतेस तिच्यावर!" मी? तुम्हाला सांगते, मी जळत नाही हां! सत्याहत्तरपासून घाटकोपरच्या आमच्या संघात कबड्डी खेळतेय, पहिली चढाई माझी, लोक माझ्या नावाने ओरडायचे... आणि गेल्या वर्षी, चौऱ्याऐंशीत, बघावं त्याच्या तोंडी कोण? कुर्ल्याची कुंदा! एकोणीस वर्षांची पोरगी! "काय घुसते यार, झकास!" अरे, मग आम्ही काय इतकी वर्षं फुगड्या घातल्या?

त्यात सामना नेमका कुर्ल्याशी! आमचे काशीराम सर म्हणाले, "जा, गुपचूप बघून ये, पोरगी खेळते कशी." गेले. तीन दिवस, साकीनाक्याला कामावरून सुटले की थेट त्यांच्या मैदानावर. कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावरून पदर, मांडीवर मेथीची जुडी, कठड्यावर बसून आपली निवडतेय आणि डोळा तिच्यावर... तिसऱ्या दिवशी सराव संपवून ती सरळ माझ्याकडेच आली! मी पदर आणखी पुढे ओढला! आणि म्हणते काय? "मावशी, पाणी आहे का हो?" मावशी! सव्वीस वर्षांची मी! पण मी जळले नाही हां. दिलं पाणी.

आणि खोड सापडलीच! डावीकडे घुसायचं असलं की आधी डाव्या पायाचा तळवा मातीत घासते, उजवीकडे असलं की उजव्या. घरी येऊन सरांना द्यायला चार पानं लिहिली, रागारागाने. "पाय नको तेवढे लांब. दम संपता संपत नाही. तिघींच्या मधून निसटते, मेलीला भीती म्हणून नाही!"

सामन्यात तिने तळवा घासला रे घासला की मी साखळीत शेजारच्या मीराचा हात दाबायची, आणि मीरा घोटा धरायची! पाच वेळा पकडली! जिंकलो! आनंदाने वळून बघते तर सर कुठेयत? तिच्याजवळ! "पुढल्या वर्षी आमच्याकडे येतेस का गं?"

मी म्हटलं, "सर, हिला खेळवणार कुठे?"

"तुझ्या जागी."

"का म्हणून?"

तर खिशातून माझीच चार पानं काढली! "तूच लिहिलंयस ना? एवढं कौतुक मी जन्मात वाचलं नाही!"

कौतुक? अहो, शिव्या होत्या त्या!

ती आली. पहिल्याच दिवशी पाया पडली. "सरांनी सांगितलं मला, माझी खोड तुम्हालाच दिसली ना, आता तुम्हीच मोडा." आता असं कोणी म्हटल्यावर काय करता? आणि मी जळत नाही ना... दोन महिने रोज तिच्या तळव्यांवर नजर ठेवली. मोडली खोड.

काल सरावात सर म्हणाले, "वनमाला, धर बघू हिला!" मी झेपावले, घोटा दिसला, हात घातला... आणि तोंडावर मातीत! ती रेषेपलीकडे! सगळ्या पोरी टाळ्या वाजवतायत... पडल्या पडल्या मीपण वाजवल्या. काय करणार? हात रिकामेच होते ना!