जाऊबाईंचा नुसता आवाज

हॅलो?… चिमे, मी बोलतेय… नाही गं, मोठ्याने नाही बोलता येत, जिन्यात बसलेय… अगं आमच्याच, तिसऱ्या पायरीवर. घरातून हाकललंय मला… भांडण? छे! तुझं आपलं काहीतरीच. जाऊबाईंचं, आमच्या वहिनींचं रेकॉर्डिंग चाललंय आत.

हो, तेच. तू रविवारी सांगितलंस ना, तसंच मांडलंय सगळं. बहीण रेडिओत रेकॉर्डिंग करते म्हटल्यावर माझाही भाव वधारलाय इथे… ऐक ना, एकच विचारायचंय. गाण्याच्या मधेच कुणी बोललं तर ते पुसता येतं का?… म्हणजे गाणारी सूर लावून उभी आहे आणि त्याच क्षणी दुसरं कुणीतरी म्हणालं… "वा!"

…मीच. दुसरं कोण असणार?

हसू नकोस गं! पाचला मुदत संपतेय, आणि चार वीस झालेत… नाहीच येत? एकात एक मिसळलं की संपलं?… बरं. म्हणजे दुसरंही गेलं… हो, पहिल्यातही बोलले. त्याच जागी!

अगं त्या कराओके क्लबचं. पुढच्या महिन्यात स्टेजवर कार्यक्रम आहे, एकट्याने गायला पाच जण निवडणार. वहिनी सहा वर्षं जातायत तिथे, आणि सहाही वर्षं मागच्या रांगेत उभ्या राहून सगळ्यांबरोबर 'आऽऽ' करतायत. गेल्या वर्षी रेकॉर्डिंग पाठवलं तर उत्तर आलं, ट्रॅकच ऐकू येतोय, बाईंचा आवाज कुठाय? सगळ्यांचंच तसं, म्हणून यंदा नियमच काढला. नुसता आवाज पाठवा, संगीत आम्ही लावून बघतो. दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर बाद… आणि वहिनींनी जाहीर केलंय, यंदा नाही झालं तर क्लब सोडणार, माईक माळ्यावर… हो, त्या बोलल्या की करतात. तेच तर टेन्शन आहे.

खोली? अगं तू बघायला हवी होतीस! हॉटेलवाल्याच्या ऑर्डरचे मखमली पडदे शिवून तयार होते माझ्याकडे, चौदा. चौदाच्या चौदा भिंतींवर टांगले. कपाटाची दारं उघडी, आत कोट-बीट तसेच. टाळी वाजवली तर घुमतच नाही. पंखा बंद, फ्रिज बंद… टिकेल गं दूध तासभर! माईक पुस्तकांच्या चवडीवर, तोंडापासून एक वीत. तू जाळी लाव म्हणालीस, आता जाळी कुठून आणू? मोजा चढवला. फुसफुस एकदम बंद! वहिनींनी एवढंच विचारलं, धुतलेला आहे ना.

आणि रेकॉर्डिंग त्यांच्याच फोनवर, म्हणून तो विमानवाल्या मोडवर टाकलाय. सकाळी वहिनी स्पीकर लावून नुसतं करून बघत होत्या तर भर कडव्यात मोठ्या भाऊजींचा फोन, माझे मोजे कुठायत म्हणून… हो, तोच मोजा! खालच्या सुतारालाही सांगून आले, चार ते पाच मशीन बंद ठेव बाबा. तो म्हणाला, त्या गाणार असतील तर साडेपाचपर्यंत ठेवतो. म्हणजे सुताराला माहीत होतं बघ. मलाच नव्हतं.

इको? तो आवाज घुमवणारा? बंद केला ना. केवढा वाद त्यावर! म्हणाल्या, इको काढलास तर मला भर रस्त्यात अंघोळीला बसवल्यासारखं वाटतं. शेवटी तुझं नाव सांगितलं, तेव्हा ऐकलं.

काय?… हो, मीच म्हणायचे. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतात आणि घरी येऊन माझं आटवतात, मीच म्हणायचे… अगं अकरा वर्षांत तुला काय काय सांगितलंय ते माहितीय मला! डब्यांची झाकणं, टॉवेलांच्या घड्या, सगळं. कधी एक चांगला शब्द नाही बाईंच्या तोंडून. आणि खरं सांगू? माझ्याही नाही.

मग आज काय झालं म्हणजे… हेडफोन झाला! इतकी वर्षं स्पीकर असा ठणाणा लावायच्या की मी दार ओढून घेऊन शिलाई मारत बसायचे. मला वाटायचं, नुसता कल्ला आहे. आज ट्रॅक त्यांच्या कानात, आणि खोलीत काहीच नाही. चिडीचूप. आणि त्यात एकदम त्यांचा आवाज… चिमे, मी टाचण्यांची डबी हातात घेऊन उभी होते, तशीच राहिले. वरच्या सुरावर गेल्या गं, आणि शिरा ताणणं नाही, ओढाताण नाही, आपण आपल्या घराचा जिना चढतो तितक्या सहज. तिथे जरा थांबल्या. मग हळूच उतरल्या. माझ्या तोंडून गेलंच. मी म्हटलंच नाही, ते आपोआप आलं… अकरा वर्षं एका छपराखाली राहून मला पत्ता नाही, ही बाई असं गाते! माझीच मला लाज वाटली.

चिडल्या? नाही ना! मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण हेडफोन काढून नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. म्हणाल्या, परत घेऊ. दुसऱ्यांदा मी ओठ घट्ट मिटून उभी, आणि परत तेच! तेव्हा मात्र म्हणाल्या, जा बाई जिन्यात.

थांब, दार उघडलं… काय वहिनी, झालं?… अगं, म्हणतात, भिंतीकडे बघून गाता येत नाही, समोर माणूस लागतं… मी नको हो, मी परत बोलेन!… बरं. बरं, आले. चिमे, ठेवू नकोस हं, फोन पायरीवर ठेवते… काय? नॅपकिन? हो, कोंबते तोंडात. चार चाळीस झाले गं…

हॅलो?… आहेस? गुणाची गं माझी बहीण. झालं! अख्खं गाणं, मधे खुट्ट नाही! आणि काय गायल्या, पहिली दोन्ही काहीच नाहीत यापुढे… मी? वरचा सूर यायच्या आधीच पाठ फिरवली आणि पडद्यात तोंड खुपसलं. रडले गं, पण हूं नाही की चूं नाही. एकावन्न झाले, आता पाठवतायत. वहिनी, गेलं का?… का हो?… का नाही पाठवत?

चिमे, अगं ह्या बघ पलंगावर बसून राहिल्यात. म्हणतात, राहू दे, नाही जमलं या वेळी… कोण म्हणालं वहिनी?… मी? मी कधी म्हटलं?

…म्हणतात, पहिल्या दोन्ही वेळेला तू वा म्हणालीस. या वेळी मी त्याच जागी वाट बघत होते, तर तू पाठ फिरवलीस.

अहो वहिनी! गप्प बस म्हणालात ना मला?… इकडे बघा, माझ्याकडे बघा. हा पडदा बघा, कसा भिजलाय, हॉटेलवाल्याला काय सांगू मी? तोंड उघडलं असतं तर थांबलेच नसते मी… नाही, मला बोलू द्या. फार सुंदर गाता तुम्ही. फार म्हणजे फार. आणि मी अकरा वर्षं दार लावून बसले, चूक माझी आहे… अहो रडू नका, पंचावन्न झाले! दाबा ते बटण. मी नाही, तुम्हीच दाबायचं… विमान काढा आधी, विमान!… हां. फिरतंय… फिरतंय…

गेलं! चिमे, गेलं गं! चार अठ्ठावन्न!

निवडतील का ते मला काय माहीत? कान असले तर निवडतील… नाही निवडलं तर? थांब, विचारते… म्हणतात, क्लब सोडायचं नंतर बघू.

आता? हेडफोन गुंडाळतायत… वहिनी, बसा ना जरा. तेच गाणं अजून एकदा म्हणाल?… नाही हो, कुठे पाठवायचं नाही. मला ऐकायचंय. तोंड मोकळं ठेवून ऐकायचंय… ट्रॅक कशाला? नुसत्या म्हणा.

काय गं?… तुला उद्या ऐकवते… उद्या म्हटलं ना! ठेव, ठेव फोन, त्यांनी सुरू केलं!